‘गुलाबी थंडी’: एका मथळ्याचं प्रकरण

मथळा असा होता: ‘निफाडला गुलाबी थंडी, पारा ६ अंशांवर’. ग्रामीण पानाच्या माथ्यावर, दोन कॉलमांत. खाली फोटो. अंधारात पेटलेला जाळ, त्याच्या उजेडात उभी दोन माणसं, मागे द्राक्षाचा मांडव. फोटोओळ होती: ‘कडाक्याच्या थंडीत शेकोटीची ऊब घेताना ग्रामस्थ.’

मथळ्यात थंडी गुलाबी आणि बोटभर खाली तीच थंडी कडाक्याची. पान लावणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या, छपाईला सोडणाऱ्याच्या, कुणाच्याच नजरेला ते खटकलं नाही. मथळा माझा होता. त्या वेळी मी नाशिकच्या एका दैनिकात ग्रामीण डेस्कवर उपसंपादक होतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा चालू होता. नंतर जे घडलं ते मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं होतं. आता सविस्तर लिहितोय, कारण दर हिवाळ्याला हाच शब्द त्याच जागी पुन्हा दिसतो आणि तो तिथे कसा येतो ते मी आतून पाहिलं आहे.

कॉपी कशी आली, पान कसं गेलं

निफाडच्या वार्ताहराने दुपारी मोबाइलवरून चार ओळी पाठवल्या होत्या: ‘किमान तापमान ६ अंशांवर आल्याने द्राक्ष बागायतदार धास्तावले. मण्यांची फुगवण थांबण्याची व पिंक बेरीची भीती. पहाटे बागांत शेकोट्या, ड्रिपने पाणी. फोटो सोबत.’ वीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस आहे तो. शब्द मोजून वापरतो.

रात्री आठच्या सुमारास शहरातल्या बातमीदाराची हवामानाची कॉपी आली. ती लांबलचक होती. ‘गुलाबी थंडीची चाहूल’, गोदाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी, स्वेटर-मफलरच्या दुकानांतली लगबग, वाफाळता चहा, मिसळीवर ताव. नाशिकच्या कुठल्याही दैनिकात कुठल्याही डिसेंबरमध्ये सापडेल अशी.

दोन्ही कॉप्या थंडीच्याच, म्हणून एकत्र करायचं ठरलं. शहरात खप जास्त, त्यामुळे शहराची कॉपी वर घेतली. निफाडचा आकडा मोठा, म्हणून मथळ्यात निफाड. वार्ताहराच्या चार ओळी शेवटी जोडल्या. साडेदहाला एक जाहिरात वाढली, पान दाटलं, आणि बातमी खालून कापली गेली. बातमी नेहमी खालूनच कापतात. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, असं लिहायला आम्हाला शिकवलेलं असतं आणि कात्री चालवणारा त्याच भरवशावर असतो. शेवटच्या चारही ओळी गेल्या. धास्तावलेले बागायतदार गेले, पिंक बेरी गेली. फोटो उरला, पण आता बातमीत बागच नव्हती. मग त्या जाळाचं काय करायचं? फोटोओळ लिहिणाऱ्याने जे नेहमी लिहितात तेच लिहिलं. शेकोटी आहे म्हणजे ऊब घेत असणार.

मथळ्याबद्दल नंतर मी स्वतःचा बचाव जागेवर ढकलून करत होतो. दोन कॉलमांच्या ओळीत मोजकी अक्षरं मावतात, ‘कडाक्याची’ बसत नव्हतं, ‘गुलाबी’ तीन अक्षरी म्हणून बसलं. हे खरं नव्हे. ‘बोचरी’ही तीनच अक्षरी आहे. तो मला सुचला नाही, कारण थंडी हा शब्द टाइप करताना आधी ‘गुलाबी’ उमटणं हा बोटांचा सराव झाला होता.

फोन

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी कामावर आलो तेव्हा ऑपरेटरने निरोप दिला: निफाडकडून दोनदा फोन आला होता, ग्रामीण पान कोण बघतं असं विचारत होते. पाचला तिसऱ्यांदा आला. उगाव भागातले बागायतदार. वयाने साठीचे असतील, वार्ताहर त्यांना अण्णा म्हणतो, मग मीही अण्णाच म्हटलं.

“भाऊ, फोटो आमच्या बागेतला हाये.”

“हो अण्णा. चांगला आलाय फोटो.”

“फोटो चांगलाय. पण तो जाळ आम्ही शेकायला नव्हता केला.”

मला त्या क्षणी खरोखर कळलं नाही ते काय म्हणतात. मी म्हणालो, काही चुकलं असेल तर खुलासा छापू. ते म्हणाले, “चुकलं म्हणून भांडाया नाही केला फोन. तुम्ही एकदा पहाटे या. गुलाबी काय असतं ते दाखवतो.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित गेलो नसतो. रागावलेल्या वाचकाला समजावायची आम्हाला सवय असते, बोलावणाऱ्या वाचकाची नसते.

उगावची पहाट

नाशिकहून निफाड सुमारे चाळीस किलोमीटर. रात्रपाळी संपवून घरी न जाता तसाच गाडीवर निघालो. ओझरच्या पुढे हातांची बोटं ब्रेकवर वळेनात. निफाडला वार्ताहर थांबलेला होता. बागेत पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

मोटार चालू होती. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती, पण या दिवसांत बागायतदार त्याची तक्रार कमी करतात, कारण पाणी पहाटेच हवं असतं. विहिरीचं पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार. ते ड्रिपच्या नळ्यांतून मुळाशी सुटलं की जमिनीलगतचा गारठा थोडा मोडतो. मी ठिबकणाऱ्या पाण्याखाली हात धरला. खरंच कोमट होतं, आणि आजूबाजूच्या मातीतून हलकी वाफ निघत होती.

बागेच्या कडेने दर पंधरा-वीस पावलांवर ढीग. छाटणीच्या वाळलेल्या काड्या, वर उसाचं ओलसर पाचट. ओलं पाचट मुद्दाम. ज्वाळा नको असते, धूर हवा असतो. धुराचा थर मांडवाखाली बसून राहिला तर बागेतली ऊब आकाशात निसटत नाही. वारा सुटला की सगळं फुकट. अण्णांचा मुलगा आणि एक गडी एका ढिगाकडून दुसऱ्याकडे जात होते, भडकलेला जाळ पाचटाने दाबत होते. आमच्या फोटोतली दोन माणसं हीच. जाळापाशी ते थांबलेले मी पूर्ण तासाभरात पाहिले नाहीत.

उजाडल्यावर अण्णा मला आत घेऊन गेले. ऑक्टोबरच्या आधी, सप्टेंबरअखेरीस गोडी बहार छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतलेला थॉमसन या हिरव्या वाणाचा प्लॉट. मण्यात पाणी उतरायला लागलेलं होतं. म्हणजे मणी कडक हिरवा असतो तो मऊ पडायला लागतो, साखर भरायला लागते. बहुतेक घड कागदात गुंडाळलेले, वर टाचणी. कागद म्हणजे वर्तमानपत्राची रद्दी. एका घडावर आमच्याच रविवारच्या पुरवणीचं पान होतं. अण्णांनी टाचणी काढून कागद सोडवला. आत घड एकसारखा हिरवा. मग दोन ओळी पलीकडे नेलं, जिथे कागद लावायचे राहिले होते. तिथल्या घडाची बाहेरची बाजू उजेडाला धरली. वरचे मणी हिरवे, खालच्या टोकाचे पाच-सहा मणी फिक्या गुलाबी रंगाचे. डाग नव्हे, कीड नव्हे. सालीच्या आतून रंग आल्यासारखा, एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने हिरव्यात विरलेला. दिसायला सुंदर होता. मी तसं म्हणालोही.

“दिसतो सुंदर,” अण्णा म्हणाले. “एक्स्पोर्टवाला घेत नाही.”

हीच पिंक बेरी. थॉमसनसारख्या हिरव्या वाणात, मण्यात पाणी उतरण्याच्या काळात रात्री फार थंड आणि दिवस उबदार, असा तापमानाचा मोठा फरक पडत गेला की मण्यांच्या सालीत लाल-जांभळ्या द्राक्षांतलं रंगद्रव्य तयार होतं. खायला त्याने काही अपाय नाही. पण युरोपात जाणारा हिरवा माल एकसारखा हिरवा लागतो. गुलाबी मणी कात्रीने काढावे लागतात, जास्त असतील तर घड देशांतर्गत बाजाराला जातो, आणि दोन्ही भावांत किती फरक पडतो हे बागायतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. भारतातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांत सर्वांत मोठा वाटा नाशिक जिल्ह्याचा आहे, आणि निर्यातीचा मुख्य काळ जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. डिसेंबरअखेरची थंडी नेमकी त्याच्या तोंडावर येते. कागद लावायचा तो पाणी उतरण्याच्या आधी किंवा उतरताना. एकदा रंग आला की जात नाही.

म्हणजे आदल्या दिवशी मी ज्या शब्दाने थंडीचं कौतुक केलं होतं, तोच रंग या माणसाच्या घडावर नुकसान म्हणून उतरत होता.

बांधापलीकडे अण्णांच्या पुतण्याचा क्रिमसनचा छोटा प्लॉट होता. क्रिमसन हा लाल वाण. तिथे रंग यावा म्हणून जिवाचा आटापिटा, रंग कमी आला तर माल मागे पडतो. तीच रात्र, तोच पारा, बांधाच्या या बाजूला गुलाबी नको आणि त्या बाजूला हवा. त्याच्याही पुढे गहू होता. गव्हाला ही थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. हरभऱ्यालाही. आठवड्यापूर्वी आमच्याच पानावर ‘रब्बीला पोषक थंडी’ असा मथळा गेला होता, आणि तो चूक नव्हता. निफाडचं तापमान आम्ही रोज छापतो ते येतं कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. पारा गव्हाच्या शेजारी मोजला जातो आणि त्याची झळ बसते द्राक्षाला, असं वार्ताहर परतताना म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, “दादा, ‘अतिवृष्टी’ लिहिलं तर पंचनाम्याला तलाठी येतो. ‘गुलाबी’ला कोण येणार?”

आकडा असलेले शब्द, नसलेले शब्द

त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बातमीत वापरले जाणारे काही शब्द मोजमापाला बांधलेले असतात. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. मदत मिळणार की नाही हे त्या रेषेवर ठरतं. थंडीची लाट या शब्दालाही भारतीय हवामान विभागाचा निकष आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली यावं लागतं आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घसरावं लागतं. घसरण ६.४ अंशांहून जास्त असेल तर तीव्र लाट. किमान तापमान ४ अंशांवर किंवा त्याखाली गेलं तर सरासरी न बघताही ती लाट धरतात, आणि २ अंशांवर किंवा त्याखाली तीव्र लाट. आम्ही मात्र पारा बारावर आला तरी ‘लाट’ लिहायचो आणि सहावर आला तरी ‘गुलाबी’.

गुलाबी, बोचरी, कडाक्याची, हाडं गोठवणारी यांना असा निकष नाही आणि असायची गरजही नाही. बोलीतले शब्द आहेत ते. पण बोलीत ‘गुलाबी थंडी’ला अर्थ नाही असं मात्र नव्हे. आपल्याकडे गुलाबी थंडी म्हणजे कोवळी थंडी. दिवाळीच्या आसपासची, पहाटे शाल घ्यावी आणि नऊला काढून ठेवावी अशी. हिंदीतही ‘गुलाबी जाडा’ हलक्या थंडीलाच म्हणतात. ६ अंशांची थंडी या अर्थाने कधीच गुलाबी नव्हती. ज्या घरांत हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे तिथली आजी निफाडच्या पहाटेला तो लावणार नाही. शब्दाची नेमकी जागा लोकांनी सांभाळली होती, ती आम्ही पानावर पुसली.

फायली चाळताना

पुढच्या सुटीच्या दिवशी मी कार्यालयातल्या फायली काढल्या. आधीच्या दोन वर्षांच्या. आकडेवारी करायची नव्हती. आम्ही ‘गुलाबी’ कुठे कुठे आणि कशाला चिकटवतो एवढंच बघायचं होतं.

थंडीच्या बातम्यांत तो जवळजवळ ठरलेला. पारा १५ असो की ७. बरोबर येणारे सोबतीही ठरलेले: हुरडा, शेकोटी, चहा, पर्यटक, त्र्यंबकचं धुकं. म्हणजे या शब्दाबरोबर एक अख्खं दृश्य आयतं येतं आणि बातमीदाराला बाहेर जाऊन बघावं लागत नाही. एका दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर गुलाबी थंडी होती आणि सातव्या पानावर, एका कॉलमात, गोदाघाटाजवळ उघड्यावर झोपणाऱ्या एका वृद्धाचा मृतदेह सापडल्याची बातमी. मृत्यू थंडीने झाल्याची शक्यता पोलिसांनी वर्तवली होती. दोन बातम्या दोन डेस्कनी लावल्या होत्या. एकमेकांकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवून बसलो.

शेतीच्या पानावर गुलाबी बोंडअळी. इथे गुलाबी हे वर्णन राहिलेलं नाही, ते नाव झालं आहे. हिरवी बोंडअळी वेगळी, ठिपक्यांची वेगळी, गुलाबी वेगळी. मालेगाव-येवल्याकडच्या कापूस उत्पादकाला हा शब्द ऐकून शाल आठवत नाही, २०१७ सालचं नुकसान आठवतं.

अर्थाच्या पानावर गुलाबी नोट. २००० रुपयांची नोट रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या मे महिन्यात चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं तेव्हा सगळ्यांच्या मथळ्यांत ती गुलाबीच होती. रिझर्व्ह बँकेच्या वर्णनात त्या नोटेचा रंग मॅजेंटा आहे. पण मॅजेंटा नोट म्हटलं तर कुणालाच कळलं नसतं, आणि गुलाबी नोट म्हटलं की भाजीवालीलाही कळायचं. इथे पत्रकाराने केलेली निवड योग्य होती असं माझं मत आहे. ओळख पटवणं एवढंच त्या विशेषणाचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. त्याच पानावर अर्थसंकल्पाचं ‘गुलाबी चित्र’ही असतं, आणि तिथे गुलाबी म्हणजे खोटं. थंडी गुलाबी म्हणजे छान, चित्र गुलाबी म्हणजे फसवं. वाचक गोंधळत नाही, कारण पुढचं नाम त्याला वाट दाखवतं.

राजकारणाच्या पानावर गुलाबी जॅकेट. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अजित पवारांची जनसन्मान यात्रा आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरीतून सुरू झाली. तेव्हा जॅकेटपासून फलकांपर्यंत सगळं गुलाबी होतं आणि बातमीदारांनी रंगालाच बातमी केलं. तिथे गुलाबी म्हणजे पक्षाने ठरवून घेतलेली ओळख. नुसतं ‘गुलाबी’ लिहिणं म्हणजे त्या ओळखीला फुकट हात लावणं, असं आमचे एक ज्येष्ठ म्हणाले होते. मला ते पटलं होतं.

आणि मग एक गोष्ट सापडली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. द्राक्षाच्या बातम्यांत ‘गुलाबी’ हा शब्दच नव्हता. तिथे सगळीकडे ‘पिंक बेरी’. महिलांच्या रिक्षांच्या योजनेतही ‘पिंक रिक्षा’. म्हणजे रंग जेव्हा तांत्रिक असतो, सरकारी असतो, तोट्याचा असतो, तेव्हा आम्ही त्याला पिंक म्हणतो. मनाला बरं वाटायचं असतं तेव्हा गुलाबी. एकाच पानावर ‘गुलाबी थंडी’ आणि ‘पिंक बेरी’ शेजारी-शेजारी बसू शकतात आणि डोळ्यांना काही टोचत नाही, कारण एकाच रंगाला आम्ही दोन भाषांतली दोन नावं दिली आहेत. वार्ताहराच्या कॉपीत ‘गुलाबी मण्यांची भीती’ असं असतं, तर ‘गुलाबी थंडी’ हा मथळा देताना माझा हात नक्की अडखळला असता.

डेस्कवर

मी हे सगळं संध्याकाळच्या बैठकीत मांडलं. मुख्य उपसंपादकांनी शांतपणे ऐकलं आणि विरोध केला. त्यांचं म्हणणं असं: सकाळी पेपर उघडणाऱ्या माणसाला एखादा शब्द तरी प्रसन्न मिळाला पाहिजे, सगळं पान संकटांनी भरायचं का? आणि गुलाबी थंडी आपण तयार केलेली नाही, ती लोकांच्या तोंडची आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पंचवटीत पहाटे फिरायला जाणाऱ्याची थंडी खोटी नाही. निफाड हा शब्द आणि ६ हा आकडा त्याच्या पुढे लागला, तिथे ती खोटी झाली.

खुलासा छापायचा की नाही यावर जास्त वेळ गेला. फोटोओळ वस्तुस्थितीला सोडून होती, तिचा खुलासा दोन ओळींत गेला: ‘ते छायाचित्र द्राक्षबागेचे थंडीपासून संरक्षण करतानाचे होते.’ मथळ्याचा खुलासा गेला नाही. विशेषण चुकलं असं कसं छापणार, असं सगळे म्हणाले आणि माझ्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. आकडा चुकला तर दुरुस्त होतो, नाव चुकलं तर दुरुस्त होतं. विशेषण चुकलं तर त्याची नोंदही कुठे होत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उगावची बातमी लिहिली. अर्धं पान, तीन फोटो. मथळा: ‘थंडीने द्राक्षं गुलाबी, निर्यातीला फटका’. मुद्दाम पिंक टाळून गुलाबी लिहिलं. माझ्या मते मी चूक निस्तरली होती.

दुसरा फोन

चार दिवसांनी अण्णांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज कडवट होता.

“भाऊ, आता लई छापू नका.”

झालं असं होतं की माल बघायला आलेल्या व्यापाऱ्याने खिशातून बातमीचं कात्रण काढलं. निफाडचा माल गुलाबी झालाय, पेपरातच आलंय, असं म्हणून त्याने बोललेला भाव खाली आणला. अण्णांचे कागद लावलेले घड स्वच्छ हिरवे होते. शेजारच्या ज्या प्लॉटची छाटणी उशिराची, तिथे मणी अजून कडक होते आणि पिंक बेरीचा प्रश्नच नव्हता. पण कात्रणात सगळं निफाड गुलाबी होतं.

ही बाजू मला दिसलीच नव्हती. आधी मी थंडीला गोड केलं, नंतर नुकसानीला सरसकट केलं. दोन्ही वेळा एकच विशेषण, दोन्ही वेळा अख्ख्या तालुक्यावर पसरलेलं. कुठल्या छाटणीचा प्लॉट, मणी कुठल्या अवस्थेत, कागद लावलेला की उघडा, या तीन प्रश्नांवर बागायतदाराचं वर्षाचं गणित ठरत होतं आणि माझ्या मथळ्यात त्यातला एकही नव्हता. बातमीच्या आत सगळं नीट लिहिलं होतं हे खरं, पण व्यापाऱ्याने आतली बातमी वाचून दाखवली नाही. कात्रणात तो मथळाच घेऊन फिरत होता.

अण्णांना मी म्हणालो, पुन्हा लिहितो, स्वच्छ मालाबद्दल लिहितो. ते म्हणाले, “तेही नको. मग पुन्हा दुसरा कुणी म्हणेल यांना काही झालंच नाही, मदत कशाला. जेवढं हाये तेवढं लिहा. न जास्त, न कमी.”

त्यानंतर आम्ही निफाडच्या वार्ताहराला सांगितलं की द्राक्षाची बातमी पाठवताना छाटणीचा पंधरवडा आणि मण्याची अवस्था लिहायची. तो हसला. म्हणाला, हे मी आधीपासून लिहीतच होतो, तुम्ही कापत होता. जुने मेसेज काढून पाहिले. खरं होतं. ‘सप्टें. छाटणीचे प्लॉट’ हे शब्द त्याच्या कितीतरी कॉप्यांत होते आणि आमच्या शहरी नजरेला ते फालतू तपशील वाटल्याने छापील बातमीत कधीच पोहोचले नव्हते. विशेषण ठेवून तपशील कापण्याची आमची रीत होती. त्या हिवाळ्यात निदान ग्रामीण पानापुरती ती उलटी केली. थंडी असली तर आधी आकडा, मग कुणावर काय परिणाम, आणि जागा उरली तर विशेषण. बहुतेक वेळा जागा उरायची नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीत पारा ७ वर आला तेव्हा मथळा गेला: ‘निफाड ७ अंशांवर, पाणी उतरलेल्या बागांना जपा’. तीन ओळींचा झाला. जाहिरात विभागाने कुरकुर केली. ‘पाणी उतरलेल्या’ म्हणजे काय, असं शहरातल्या एका वाचकाने फोन करून विचारलं, आणि मला ते समजावून सांगायला बरं वाटलं.

त्याच्या दोन महिने आधी, दिवाळीत, पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेची बातमी माझ्याकडे तपासायला आली होती. नव्याने आलेल्या मुलीने लिहिली होती. पहिलंच वाक्य: ‘गुलाबी थंडीत रसिकांनी पहाटेपासून गर्दी केली होती.’ मी हवामानाची चौकट पाहिली. त्या पहाटेचं किमान तापमान १६ अंश. लोक शाली पांघरून बसले होते, हे फोटोतही दिसत होतं. मी शब्द तसाच ठेवला आणि पान सोडलं.